ते मडकं काढून घ्या

तुम्ही ती रील पाहिलेली असणार. बंगल्याच्या मागे जाळीची एक खोली, आत बांबू, गवती चहा, छोटंसं कारंजं, आणि फांद्यांवर लाल चोचींचे पंधरा-वीस चिमुकले पक्षी. मागे बासरी. मग कॅमेरा टांगलेल्या मातीच्या मडक्यात डोकावतो. आत पाच पांढरी अंडी, नाहीतर चोची वासून बसलेली पिल्लं. वर अक्षरं येतात: 'नॅचरल ब्रीडिंग, हॅपी बर्ड्स'. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. जोडी केवढ्याला?

अशी एक रील मीही काढली होती. म्हणून पुढे जे लिहितोय ते बाहेर उभं राहून कुणाच्या नावाने बोटं मोडणं नाही. मी आतला माणूस आहे. हे सगळं मी केलंय, हौसेने केलंय, आणि आता माझं ठाम मत झालंय की फिंच पाळणाऱ्यांच्या जगातलं सगळ्यात मोठं खोटं एका वाक्यात मावतं: अंडी घातली म्हणजे पक्षी खूश आहेत.

हे वाक्य मला पहिल्यांदा एका काकांनी ऐकवलं. वीस वर्षं पक्षी पाळणारे, मनाने अतिशय चांगले, माझी जाळी बांधताना दोन रविवार उन्हात उभे राहिलेले. मी घाबरत घाबरत विचारलं होतं की माझं काही चुकत तर नाही ना. ते म्हणाले, "अरे, पक्षी टेन्शनमध्ये असला की अंड्यावर येतच नाही. तुझ्याकडे घालतायत ना? मग झालं तर!" ऐकायला इतकं बरं वाटतं हे. पक्ष्यांनी स्वतः सही करून दिलेलं प्रमाणपत्रच. आणि ते पटतं, कारण काही प्राणी बंदिवासात खरंच वीत नाहीत. पण जे वाक्य एखाद्या बुजऱ्या जनावराबाबत थोडंफार खरं असेल, ते झेब्रा फिंचला लावणं म्हणजे शुद्ध आंधळेपणा आहे.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. वजन १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच रुपयांची दोन नाणी. त्या मुलखात पाऊस कधी येईल याचं काही पंचांग नाही. त्यामुळे हा पक्षी ऋतूची वाट बघत नाही, संधीची बघतो. पाऊस पडला, गवत उठलं, कोवळं बी धरलं, की लागलीच घरटं. त्याचं शरीर जवळपास कायम तयारीत असतं, कारण पुढचा चांगला महिना कधी उगवेल याचा भरवसा नाही. गवत वाळलं, बी संपलं, की थांबायचं. हे थांबणं त्याच्या आतून फारसं येत नाही. ते बाहेरून येतं, दुष्काळातून.

आता हा पक्षी तळेगाव दाभाड्यात आणा. वाटीत रोज दाणे, रोज ताजं पाणी, कोथिंबीर, वर उकडलेल्या अंड्याचा चुरा. त्याच्या शरीराच्या हिशेबाने पाऊस पडतोय, पडतोय, आणि थांबायचं नावच घेत नाहीये. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा एकदाच माझ्या धंद्यातलं बोलतो: हा असा लूप आहे ज्याची थांबायची अट आपणच पुसून टाकली. लूप फिरतोय याचा अर्थ प्रोग्रॅम आनंदात आहे असं माझ्या ऑफिसात कुणी म्हटलं तर त्याला हसतील. पक्ष्यांच्या बाबतीत तेच म्हटलं की लाइक मिळतात.

जरा आकडे बघा. एक अंडं साधारण एक ग्रॅमचं. मादी रोज एक अशी चार ते सहा घालते. म्हणजे १२ ग्रॅमच्या जीवातून आठवड्याभरात पाच ग्रॅम बाहेर पडतात. कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही तर तिच्या हाडांतून निघतं. मग बारा-चौदा दिवस उबवणं, त्यात नरही आळीपाळीने बसतो हे खरं. पुढच्या तीनेक आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर येतात, आणि ती धडपणे स्वतः दाणे फोडायला शिकायच्या आत आई पुन्हा अंड्यांवर असते. पिल्लं तीनेक महिन्यांत वयात येतात. जाळीच्या खोलीत भाऊ कोण आणि बहीण कोण हे विचारायला कुणी येत नाही.

"हे पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं झालं, आमच्याकडे झाडं आहेत," असं इथे लगेच म्हटलं जातं. मीही तेच म्हणायचो.

लॉकडाऊनमध्ये पुण्यातली खोली सोडून मी घरी आलो. घरामागे मोकळी जागा होती आणि माझ्याकडे संध्याकाळी प्रवासात जायचे ते दोन तास होते. १४ फूट लांब, ८ फूट रुंद, ७ फूट उंच अशी खोली बांधली. घुशी पोखरून आत येऊ नयेत म्हणून जमिनीखाली दोन फूट विटांचा पाया. जाळी दुहेरी, मधे चार बोटं अंतर, कारण शिक्रा जाळीला येऊन धडकतो आणि आतून जाळीला लटकलेल्या पक्ष्याचा पाय बाहेरून ओढतो. दार दोन, एकामागे एक, म्हणजे तुम्ही आत शिरताना पक्षी बाहेर सटकत नाही. एक तृतीयांश छप्पर पत्र्याचं, कारण तळेगावचा जुलै. बांबू, जास्वंद, वाळा, गवती चहा लावला. कण्हेर आणि घाणेरी उपटून लांब टाकली, कारण हे पक्षी दिसेल ते पान चावून बघतात. सांडलेल्या दाण्यांतून खाली आपोआप रोपं उगवली. दुकानदार ज्याला कांगणी म्हणून विकतो ते दाणे. आजीने कणीस हातात घेतलं आणि म्हणाली, "अरे, हे तर राळे. आम्ही भात करून खायचो याचा." पुढे महिनाभर ती पक्ष्यांच्या डब्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती.

आणि ते सुंदर होतं, हे मी नाकारणार नाही. पिंजऱ्यात जो पक्षी फक्त एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडी मारतो तो इथे १४ फूट सरळ उडायचा. पहाटे वाळ्याच्या ओल्या पात्यांवर अंग घासून आंघोळ करायचा. आमच्याकडच्या पांढऱ्या कंठाच्या मनोल्या बाहेरून जाळीवर येऊन बसायच्या, बाहेर सांडलेले दाणे टिपायच्या आणि आतल्या भाऊबंदांशी काहीतरी बोलून उडून जायच्या. या मनोल्या पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्याच कुळातला परदेशी पक्षी जाळीच्या आत. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पण झाडांनी माझा मूळ प्रश्न सोडवला नाही, वाढवला. पिंजऱ्यातलं मडकं काढलं की घरट्याची जागा तरी जाते. झाडांच्या खोलीत तसं होत नाही. बांबूच्या बेचक्यात, गवती चहाच्या बुडाशी, पत्र्याच्या पन्हाळीमागे, जिथे आडोसा तिथे घरटं. मी तीन काढली तर त्यांनी चार बांधली. आणि हिरवळ ही तर या पक्ष्याला त्याच्या मुलखाने शिकवलेली खूणच आहे: पाऊस झालाय, लागा कामाला. आपल्याला निसर्ग दिसतो, त्याला हुकूम ऐकू येतो. जितकी खोली हिरवी, तितका तो हुकूम मोठ्याने. रीलवाले ज्याला 'नॅचरल' म्हणतात त्यात निसर्गातला पाऊस आहे, गवत आहे. दुष्काळ तेवढा गाळलेला आहे, आणि मादीला विश्रांती देणारा तोच होता.

डिसेंबरातली एक सकाळ. हिरव्या कडीवाली मादी (मी पायात रंगीत कड्या घालायचो, एक्सेल शीटमध्ये नोंद ठेवायला सोपं) जमिनीवर, वाळ्याच्या आडोशाला बसलेली. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट खाली-वर. अंडं अडकलं होतं. हे होतं तेव्हा करायचं काय हे मला वाचून माहीत होतं: ऊब, वाफ, कॅल्शियमचे थेंब. बुटाचा खोका, त्यात फडकं, वर बल्ब. गावातल्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो, पक्षी नाही." पुण्यात एका डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली. आई खोका मांडीवर घेऊन गाडीत बसली. देहूरोडच्या पुढे ती म्हणाली, "थांबव. हलत नाहीये."

हे दुःख सांगायला लिहीत नाहीये. लाज सांगायची आहे ती पुढची. घरी येऊन मी शीट उघडली. हिरव्या कडीसमोर अंड्यांची सहावी खेप होती, अकरा महिन्यांत. काका फोनवर म्हणाले, "होतं रे असं. मादी कमजोर असेल. समुद्रफेणी ठेवत जा." समुद्रफेणी मी पहिल्या दिवसापासून ठेवत होतो. तरी मला त्यांचं म्हणणं पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. नर एकटा पडला म्हणून आठवड्याभरात मी दुसरी मादी आणली आणि नवं मडकं टांगलं. ती मे महिन्यात गेली, तशीच. दोघींनीही दुसरा वाढदिवस पाहिला नाही. नीट सांभाळला तर हा पक्षी पाच-सात वर्षं जगतो.

दुसऱ्यांदा शीट उघडली तेव्हा मी शेवटचा रकाना नीट वाचला. रकाने असे होते: अंडी, फुटली, बाहेर आली, दिले. सत्तावीस महिन्यांत ११४ अंडी, ६३ पिल्लं घरट्याबाहेर, आणि 'दिले'खाली ४४. दिले म्हणजे कुठे? आठ-दहा ऑफिसातल्या मित्रांना, शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला एक जोडी, आणि बाकीचे सगळे दुकानात. दुकानदार मला जोडीचे दीडशे द्यायचा आणि गिऱ्हाईकाकडून पाचशे घ्यायचा. पैशांसाठी मी देत नव्हतो. जागा मावत नव्हती म्हणून देत होतो, आणि ही तर त्याहून वाईट गोष्ट आहे.

एकदा दाणे घ्यायला गेलो तेव्हा खालच्या ओळीतल्या पिंजऱ्यात माझी नारिंगी कडी दिसली. दीड फुटाच्या पिंजऱ्यात पंचवीस-तीस पक्षी, एकमेकांची पिसं उपटत, पाण्याच्या वाटीत विष्ठा. सहा आठवड्यांपूर्वी हा पक्षी वाळ्यावर दव अंगावर घेत होता. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो तर मालकाला वाटलं मी कौतुकाने बघतोय. "साहेब, तुमचा माल एक नंबर असतो. अजून आणा, चाळीस जोड्या खपतील."

माल. त्याने शब्द बरोबर वापरला होता. माझी झाडांची खोली हा त्याच्या दुकानाचा मागचा कारखाना होता, फक्त कारखान्याला बांबू लावलेला होता. हे माझ्यापुरतं नाही. ज्याच्याकडे जोडी आहे, मडकं आहे आणि दाणे कायम भरलेले आहेत, त्याच्याकडचे पक्षी कुठे ना कुठे जातातच. "आम्ही विकत नाही, हौस म्हणून करतो," असं म्हणणाऱ्या माणसाला फक्त एक विचारा: गेल्या वर्षीची पिल्लं आज कुठे आहेत? उत्तरात नावं आली तर ठीक. "दिली कुणाकुणाला" असं आलं तर काय ते समजून घ्या.

जे खरंच विकण्यासाठी करतात त्यांच्या गोष्टी तर याहून पुढच्या. रंगीबेरंगी गोल्डियन फिंच महाग विकला जातो म्हणून त्याची अंडी काढून बेंगालीज फिंचखाली ठेवायची जुनी पद्धत आहे. बेंगालीज म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून माणसाने घडवलेला पाळीव पक्षी, कुणाचंही पिल्लू वाढवतो इतका गरीब. अंडी गेली की गोल्डियनची मादी पुन्हा घालते. एकीची हाडं झिजतात, दुसरीची पिल्लं वाढवण्यात जिंदगी जाते. याला 'फोस्टरिंग' असा मायाळू शब्द आहे.

कायद्याकडून फार आशा धरू नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, पण ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत असलेल्या जातींची. जावा चिमणी त्या यादीत आहे, तिची नोंद लागते. झेब्रा नाही, कारण तो जंगलात लाखोंनी आहे, नामशेष व्हायची भीती नाही. त्यामुळे किती झेब्रा जन्मले आणि किती मेले याची कुठेही मोजदाद नाही. माझ्यासारख्या एखाद्याच्या एक्सेल शीटमध्ये असली तर असली.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. मी हे सगळं मित्रमंडळींत बोलायला लागलो तेव्हा एक गट म्हणाला, मग दार उघड आणि सोडून दे. हे बोलायला फार सोपं आहे आणि करणाऱ्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या वाटीतले दाणे खाल्लेला, शिक्रा म्हणजे काय हे जाळीच्या आतूनच पाहिलेला पक्षी मावळात किती दिवस काढेल? बहुतेक पहिल्याच पावसात मरेल. आणि समजा जगला, जोडी जमली, तर जाळीबाहेरच्या मनोल्यांच्या गवतात मी एक परका भागीदार सोडला. ही सुटका माझी असेल, त्याची नाही.

आणि एक गट म्हणतो, एवढासा जीव, त्याला काय कळतंय? या एवढ्याशा जीवावर २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर गरम असलं की झेब्रा फिंच अंड्यांतून पिल्लं बाहेर यायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी एक वेगळा आवाज करतात, आणि तो आवाज अंड्यात ऐकलेली पिल्लं गरमीत आकाराने लहान राहतात, जे त्यांच्या फायद्याचं ठरतं. म्हणजे हा पक्षी न फुटलेल्या अंड्याला बाहेरचं हवामान कळवतो. इतक्या बारकाईने जगाच्या खुणा वाचणाऱ्या प्राण्याला आपण बारा महिने एकच खोटी खूण दाखवत बसतो.

"शेवटी जाळी ती जाळीच ना?" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आहेच जाळी. १४ फूट म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. पण जे जन्मलेत ते आहेत, त्यांना आणखी पाच वर्षं कुठेतरी राहायचंय, आणि दीड फुटापेक्षा १४ फूट बरे. त्यांची संख्या वाढू द्यायची की नाही एवढंच माझ्या हातात आहे.

म्हणून मी जे केलं ते सांगतो. ज्यांच्याकडे जोड्या आहेत त्यांनी हेच करावं असा माझा आग्रह आहे, विनंती नाही. मडकी, टोपल्या, नारळाच्या करवंट्या सगळ्या काढल्या. काथ्या आणि कापूस बंद. कापसाचा धागा पिल्लांच्या पायात गुंतून पाय जातो, तो कधीच ठेवायला नको होता. उकडलेल्या अंड्याचा चुरा बंद. बांबूत बांधलेल्या घरट्यांत अंडी दिसली की पहिल्याच दिवशी त्यांच्या जागी प्लॅस्टिकची ठेवली, कारण नुसती अंडी उचलली तर मादी पुन्हा घालते, तेवढंच जास्त झिजते. प्लॅस्टिकवर ती दोन-तीन आठवडे बसते आणि कंटाळून उठते. एवढ्याने भागलं नाही, म्हणून शेवटी खोलीच्या मधोमध जाळी घालून तिच्यावर बांबूच्या चटया बांधल्या. इकडे नर, तिकडे माद्या.

काका आले, चटया बघितल्या आणि खरंच दुखावले. "जोड्या तोडल्यास? पाप आहे रे हे." त्यांचं पूर्ण चूक नाही. झेब्रा फिंचची जोडी एकदा जमली की सहसा आयुष्यभराची असते. पहिले पाच-सहा दिवस चटईच्या दोन्ही बाजूंनी हाका चालल्या होत्या, आणि मी खिडकी लावून काम करत होतो. मग कमी झाल्या. आता नर एकमेकांसमोर छाती काढून गातात, बिनकामाची भांडणं करतात, आंघोळ करतात, झोपताना एका फांदीवर रांगेने चिकटून बसतात. माद्यांच्या बाजूला शांतता असते. कधी एखादी रिकामं अंडं घालते. पण वाळ्याच्या आडोशाला अंग फुगवून बसलेली मला गेल्या सोळा महिन्यांत कुणी दिसलेली नाही. काकांना मी म्हटलं, "तुमच्याकडच्या माद्या किती वर्षांच्या आहेत?" ते म्हणाले, "वय कोण मोजतं?" मी म्हटलं, मोजून बघा. त्यांनी विषय बदलला. मडकी त्यांच्याकडे अजून टांगलेली आहेत, पण आता ते मला आपल्या रील पाठवत नाहीत.

आज शीटमध्ये एकोणीस ओळी आहेत. अकरा नर, आठ माद्या. 'दिले' हा रकाना रिकामा आहे.

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, बायकोला हौस आहे, एक जोडी देशील का? मी म्हटलं, दोन नर देतो, लांब पिंजरा घेणार असशील तर. छान गातात.

"नको रे," तो म्हणाला. "तिला पिल्लं बघायची आहेत."